प्रतिक्रियेला उत्तर: विक्रम गोखले आणि तो ‘अर्धा’ पुरस्कार

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ‘अनुमती’ या मराठी सिनेमासाठी विक्रम गोखल्यांना मिळालेलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक, जे इरफान खानबरोबर विभागून होतं, ते शंभर टक्के त्यांच्या हक्काचं होतं. त्यावर एका वाचकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं असं की इरफान खानला ‘पान सिंग तोमर’साठी एकट्यालाच मिळायला हवं होतं, गोखल्यांना वयाकडे बघून अर्धं दिलं, त्या वर्षी मराठीला झुकतं माप होतं. आणि मग हे वाक्य: "नुसते पॉज घेणं म्हणजे अभिनय नव्हे, पण तुमच्यासारख्या भाबड्या प्रेक्षकांना ते कोण सांगणार."

आधी तुमची एक गोष्ट मान्य करतो. मी पुरस्कार २०१२ साली जाहीर झाला असं लिहिलं होतं. पुरस्कार २०१२ चे होते, जाहीर झाले मार्च २०१३ मध्ये. चूक माझी, दुरुस्त केली.

पण ‘भाबडे’? अहो, माझी तुमची ओळख ना पाळख, मी काय बघितलंय, किती बघितलंय, तुम्हाला काय माहिती? मतभेद असू देत की, पण हा सूर कशाला? मी काय तुम्हाला शिव्या घातल्या होत्या का?

आता पॉजबद्दल. ‘अनुमती’तला रत्नाकर हा साधा माणूस आहे, बायको ब्रेन हॅमरेजनंतर कोमात, पैसे संपत आलेत, मुलगा म्हणतोय की आता पुढचे उपचार नकोत असं सही करून द्या, आणि याचा हात त्या कागदाकडे जात नाही. अशा माणसाने काय करायचं, घडाघडा बोलायचं?

२०१६ साली माझी आई आयसीयूत होती. अकराव्या दिवशी रात्री तसाच एक कागद बाबांपुढे ठेवला गेला, ज्यांनी ठेवला त्यांना घाई होती, ते उभ्याउभ्याच बोलत होते. बाबा आयुष्यभर बँकेत कॅशियर, रोज शेकडो सह्या केलेला माणूस. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. चष्मा मागितला, चष्मा डोळ्यांवरच होता. मग मला विचारलं, "आज तारीख किती?" मी सांगितली. मग ते त्या कागदाकडे बघत बसले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, बाहेर लिफ्ट दोनदा येऊन गेली. आणि परत विचारलं, "तारीख किती म्हणालास?"

त्यानंतर काही महिन्यांनी मी ‘अनुमती’ दुसऱ्यांदा बघितला, आणि गोखले गप्प झाले की मला बाबा दिसायला लागले. मान तशीच, श्वास तसाच अडकलेला. तुम्ही ज्याला पॉज म्हणता ना, त्यात तो माणूस हिशोब करत असतो, बायकोचा आणि पैशांचा, आणि दोन्ही हिशोब एकाच वेळी चेहऱ्यावर आणणं हे काम आहे हो, सवय नाही. गोखल्यांनी इतर ठिकाणी पॉज ताणले असतील, मिमिक्रीवाले त्याचीच नक्कल करतात हेही मला माहितीय. पण पुरस्कार मिमिक्रीला नव्हता, या भूमिकेला होता. तुम्ही सिनेमा पूर्ण बघितलाय का, खरंच विचारतोय, कारण तुमच्या एवढ्या मोठ्या कमेंटमध्ये त्यातल्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. इरफान फार मोठा नट, त्याच्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही. आणि विभागून मिळालं म्हणून पुरस्कार अर्धा होत नाही, १९९८ चा मामुट्टी आणि अजय देवगणला मिळून होता, २०१० चा धनुष आणि सलीम कुमारला. ते पण अर्धे नट का? मराठीला झुकतं माप म्हणाल तर त्याच वर्षी ‘धग’ या मराठी सिनेमासाठी अभिनेत्रीचं उषा जाधवला आणि दिग्दर्शनाचं शिवाजी लोटन पाटलांना मिळालं, ज्यूरीचे अध्यक्ष बासू चॅटर्जी होते. काम चांगलं होतं म्हणून मिळालं, एवढं साधं का नसावं?

परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण आधी सिनेमा बघून. आणि माझ्या बाबांच्या त्या रात्रीबद्दल काही बोलणार असाल तर नकाच लिहू, ती कमेंट मी ठेवणार नाही.