मुकुट लेबनॉनचा, नागरिकत्व बापाचं

विषय काढला सुहासने. 2024 च्या मार्चमध्ये मिस वर्ल्डची अंतिम फेरी आपल्या मुंबईतच, बीकेसीत झाली आणि लेबनॉनची यास्मिना झैतून दुसरी आली. तिचा फोटो सगळ्यांपुढे नाचवत हा म्हणतो, "बघा, अरब बायका कुठल्या कुठे पोचल्या!"

"पोचल्या कधीच," वर्षाने चहा खाली ठेवला. "जॉर्जिना रिझ्क 1971 मध्येच मिस युनिव्हर्स झाली, लेबनॉनचीच. पण तिथल्या बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं, तर पोरांना आजही तिचं नागरिकत्व मिळत नाही. कायदा 1925 चा, फ्रेंचांच्या अमदानीतला. पोरगं बैरुतमध्ये जन्मलं, तिथल्याच शाळेत शिकलं, तरी परकंच."

"त्यात स्पर्धेचा काय दोष?" मंद्या.

"दोष नाही रे. पण पुरावा म्हणून मुकुट दाखवू नका."

अन्वरभाईंनी सौदीत दम्मामला बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे असल्या विषयात ते उशिरा बोलतात आणि सगळ्यांना ऐकावं लागतं. म्हणाले, "तिकडे जवळच सफवा म्हणून गाव आहे. 2009 च्या सुमारास तिथेही राणी निवडायचे, पण सदाचाराची. चेहरा झाकलेला. पोरगी आईबापांचा मान किती राखते, यावर गुण."

"आमच्या सासूबाईंना पाठवा परीक्षक म्हणून, एकही पास होणार नाही," वर्षा म्हणाली. हशा झाला खरा, पण तिने मुद्दा सोडला नाही. अंग दाखवा नाहीतर झाका, समोर पाटी-पेन्सिल घेऊन कोणीतरी बसलेलंच. 2021 मध्ये इस्राएलच्या एलातमध्ये मिस युनिव्हर्स झाली. बहरीनची मनार देयानी पोहण्याच्या पोशाखाच्या फेरीत अंगभर कपड्यांत चालली.

"मग जायचंच कशाला तिथे?" मंद्या परत.

"ते तिचं ती बघेल ना! तू कोण?"

मंद्या गप्प. माझ्या मते तो पूर्ण चर्चेतला सगळ्यात चांगला प्रश्न होता, मंद्याचा नव्हे, वर्षाचा. 2017 मध्ये इराकच्या सारा इदानने मिस इस्राएलबरोबर सेल्फी काढला आणि धमक्यांपायी तिच्या घरच्यांना देश सोडावा लागला. 'तू कोण' हे तिथे कोणी विचारलं असतं तर!

अन्वरभाईंना मात्र आठवत होते ते बैरुतच्या समुद्रकिनाऱ्यावरचे झगे. 2017 च्या एप्रिलमध्ये तिथे लग्नाचे पांढरे झगे गळफास दिल्यासारखे टांगले होते. बलात्कार करणाऱ्याने त्याच मुलीशी लग्न केलं की शिक्षा माफ, असं कलम 522 होतं. ऑगस्टमध्ये संसदेने ते रद्द केलं. "झगे तेच," ते म्हणाले, "पण अंगात कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष कायद्याकडे गेलं."

सुहास हार मानणाऱ्यांतला नाही. मी त्याला जरा हात दिला. म्हटलं, आपलीही रीटा फारिया, मुंबईची, मूळ गोव्याची, 1966 मध्ये मिस वर्ल्ड झाली. आणि परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय आईच्या नात्याने नागरिकत्व मिळायला लागलं ते 1992 पासून. तोवर बापच लागायचा.

सुहास एकदम ताठ. "म्हणजे आपल्याला मुकुटापासून सव्वीस वर्षं लागली. मग त्यांनाही वेळ द्या की!"

"दिला की," वर्षाने बोटांवर हिशेब केला. "जॉर्जिनाचा मुकुट 1971 चा. 1997 लाच संपला."