टिप १२२ डुप्लिकेट असल्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी आहे: अर्दुइनो उनो या कंट्रोलर बोर्डवरून १ के (हजार ओहम) रेझिस्टर लावून टिप १२२ या ट्रान्झिस्टरने १२ व्होल्ट, ३ अँपियरचा पंप चालवला. पंपाला १०.६ व्होल्टच मिळाले, ट्रान्झिस्टरला हात लावता येईना, दोन नग गेले. शिवाय मीटरवर बेस-एमिटर ०.७ दिसतं, म्हणून डार्लिंग्टनच्या (एकाच नगात जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) नावाखाली साधा ट्रान्झिस्टर दिला. माल डुप्लिकेट नाही. हे सगळे आकडे खऱ्या टिप १२२ चेच आहेत.

आधी मीटरचं. डायोड रेंजवर मीटर साधारण १ मिलिअँप सोडतो. तो पहिल्या ट्रान्झिस्टरमधून आतल्या सुमारे १२० ओहमच्या रेझिस्टरवर जातो आणि तिथे जेमतेम ०.१२ व्होल्ट पडतो. तेवढ्यावर दुसरा ट्रान्झिस्टर सुरूच होत नाही, म्हणून दोघांचे मिळून १.४ दिसण्याऐवजी ०.७ दिसतं. खात्री करायची तर पंप चालू असताना बेस-एमिटर मोजा, दीडच्या आसपास मिळेल. किंवा सुटा नग घेऊन लाल प्रोब एमिटरला, काळा कलेक्टरला लावा. आतला डायोड दिसेल. साध्या ट्रान्झिस्टरला तो नसतो.

आता पंपापर्यंत न पोचलेले १.४ व्होल्ट (१२ वजा १०.६). डार्लिंग्टनमध्ये दोघांचे कलेक्टर एकत्र असतात. दुसऱ्याला बेस करंट पहिल्यातूनच मिळतो, त्यामुळे कलेक्टर दुसऱ्याच्या बेसखाली उतरू शकत नाही. पहिल्याचे ०.२ आणि दुसऱ्याचे ०.७ मिळून ०.९ हा तळ. करंट वाढला की त्याहून वर. डेटाशीटच (कंपनीचं माहितीपत्रक) ३ अँपियरला १२ मिलिअँप बेस करंट देऊन कलेक्टर-एमिटरमध्ये कमाल २ व्होल्ट पडतील असं सांगते. तुमच्या १ के मधून जेमतेम साडेतीन मिलिअँप जातात. २७० ओहम लावा, १२-१३ मिलिअँप मिळतील. उनोच्या पिनला ते झेपतात. थोडा फरक पडेल, पण ०.९ च्या खाली कुठलाच रेझिस्टर नेणार नाही.

१.४ गुणिले ३ म्हणजे ४.२ वॅट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर दर वॅटला ६२.५ अंश चढतात, म्हणजे हिशेबाने २६० च्या वर, आणि जंक्शनची (आतल्या चिपची) मर्यादा १५० अंश. डेटाशीटवरचे ६५ वॅट हे केस २५ अंशांवर धरून ठेवली तरचे आहेत. शेतावरच्या बंद पेटीत एप्रिलच्या दुपारी त्या आकड्याला अर्थ नाही. तेव्हा १० अंश प्रतिवॅट किंवा त्याहून चांगला हीटसिंक हवा. पाठीचा पत्रा कलेक्टरला जोडलेला असतो, लोखंडी पेटीवर कसताना अभ्रक आणि प्लास्टिक बुश विसरू नका.

दुसरा नग पंप बंद करतानाच गेला असं लिहिलंय. आतला डायोड मोटर बंद होतानाचा झटका गिळतो हा गैरसमज फार पसरलाय, तो गिळत नाही. पंपाच्या दोन टोकांवर वेगळा डायोड लागतो, पट्टीची बाजू प्लसला. नुसत्या चालू-बंदला १एन४००७ चालेल, पीडब्ल्यूएमला (वेग कमी-जास्त करायला भरभर चालू-बंद करणं) १एन५८२२ घ्या. आणि पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झला नेऊ नका; दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसमधला चार्ज त्या १२० ओहममधूनच निघतो, बंद व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तो तापतो.

खरं तर या पंपाला टिप १२२ चा हट्टच नको. आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) घ्या, ५ व्होल्ट गेटवर २५ मिलिओहम, म्हणजे ३ अँपियरला पाव वॅटसुद्धा नाही. गेटला २२० ओहम, गेट-सोर्समध्ये १० के. मागताना ‘आयआरएल’ म्हणा. आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टवर धड उघडत नाही. बेळगावात येणं झालं तर गेलेले नग घेऊन या, काउंटरवर तुमच्यासमोर तपासू. चांगले उरलेत ते टाकू नका, १२ व्होल्टचा रिले किंवा अर्ध्या अँपियरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्यांच्यावर हीटसिंकशिवाय चालतो.