सासुरवाडीचं आरमार

गेल्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बायकोच्या मुलखात शिरलो आणि सीमेवरच तिथल्या आरमाराने माझ्यावर तोफा रोखल्या. मुलूख म्हणजे सांगली नव्हे. सांगलीत मला अजून जेवायला वाढतात. हा मुलूख अमार नावाच्या साम्राज्याचा, ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातल्या अवकाशात पसरलेला. बायकोनेच यादी दिली होती आणि त्याप्रमाणे जिटा नावाच्या ताऱ्यापाशी भरणाऱ्या बाजारातून माल भरून मी तिच्याकडे निघालो होतो. ऑटोपायलट लावून पाणी प्यायला उठलो. परत येऊन बघतो तर सोनेरी नौकांनी मला वेढलेलं. पेला खाली ठेवेपर्यंत यान फुटलं आणि मालाचा चुराडा झाला.

आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “आलात का?”

“आलो होतो,” मी म्हणालो.

या सगळ्याचं मूळ गेल्या दिवाळीत आहे. इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीला आला आणि माझ्या लॅपटॉपवर त्याने हा खेळ चढवून दिला. आइसलँडच्या एका कंपनीने तो ६ मे २००३ रोजी सुरू केला, म्हणजे खेळ भाच्याहून मोठा. २०१६पासून त्याचा बराचसा भाग फुकटही आहे. चीनमधले सोडले तर सगळे खेळाडू एकाच विश्वात नांदतात. रोज ठरल्या वेळी सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवतात, आणि ती वेळ आपल्याकडे नेमकी दुपारी ४.३०ची पडते. रेकजाविकमधल्या माणसांनी आपल्या चहाची इतकी काळजी घ्यावी, याचं मला फार कौतुक वाटलं. म्हटलं, हा खेळ आपल्यासाठीच आहे.

पण खेळ उघडल्याबरोबर पहिलाच प्रश्न आला: चारांपैकी तुमचं राष्ट्र कोणतं?

“मामा, पटकन निवड. मामीने पानं घेतलीयत.”

पटकन? मी फ्रीज घ्यायला तीन महिने लावले होते. तेही आमच्याकडे कुठला रंग मावेल एवढाच प्रश्न असताना. इथे तर देश निवडायचा होता. मी भाच्याला जेवायला पाठवलं आणि चारही राष्ट्रांचा इतिहास वाचायला बसलो.

अमार म्हणजे धर्मवेडं साम्राज्य. सम्राज्ञी, सोनेरी यानं, लेझरच्या तोफा आणि मानेवर जू ठेवलेले गुलाम. काल्डारी राज्य आठ महाकंपन्या चालवतात. म्हणजे नागरिक आणि कर्मचारी यांत फरक नाही, आणि राष्ट्रप्रेम बहुधा वार्षिक मूल्यमापनात धरत असावेत. गॅलेन्टे संघराज्य लोकशाहीवादी, स्वातंत्र्यप्रेमी, मौजमजेचं. लढायला ते ड्रोन पाठवतात आणि स्वतः मागे थांबतात. आणि चौथे मिनमतार. शतकानुशतकं अमारांची गुलामी केली, शेवटी बंड करून मोकळे झाले. त्यांची यानं मात्र अशी दिसतात, की स्वातंत्र्य मिळालं पण गॅरेज मिळालं नाही. एक बाजू लांब, दुसरी आखूड, मध्ये उघडे पडलेले पाइप आणि सगळीकडे गंज. यानं चिकटपट्टीवर चालतात हा खेळाडूंचा आवडता विनोद, आणि ‘गंजावर आमची भिस्त’ अशा अर्थाची एक इंग्रजी घोषणाही ते अभिमानाने मिरवतात.

भाचा हात धुऊन आला तरी मी वाचतच होतो. तो स्वतः काल्डारी. कारण विचारलं तर म्हणाला, “मिसाइलं असतात ना मामा. सोडलं की आपलं आपण जातं. आणि शिल्ड आपोआप भरतं. ड्रेक नावाचं यान आहे, त्यात बसून माणूस मार खात चहा पिऊ शकतो.” शिवाय जिटाचा बाजार काल्डारींच्याच हद्दीत. जिटाच्या चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रापाशी एक स्टेशन आहे, तिथे अख्ख्या विश्वाची तुळशीबाग भरते. एवढ्या अवाढव्य अवकाशात पोराने देश निवडला तो बाजार जवळ आणि कष्ट कमी म्हणून. फ्लॅट घेताना आम्ही दुसरं काय पाहिलं होतं?

मी तत्त्वाचा माणूस. म्हणून पीडितांची बाजू घेतली. मिनमतार.

निदान पाच-सहा महिने मी सगळ्यांना असंच सांगत होतो. खरं सांगायचं तर रिफ्टर नावाच्या त्यांच्या छोट्या लढाऊ यानाचं चित्र पाहिलं आणि मला माझी जुनी स्कूटर आठवली. तशीच तिरपी, तसाच पत्रा, आणि सुरू व्हायच्या आधी एका बाजूला कलती करावी लागेल असा चेहरा. त्या स्कूटरवर मी नोकरीला लागलो, लग्न केलं आणि खंबाटकी घाटात दोनदा ढकलत चाललो. मुक्तिसंग्राम वगैरे मी नंतर जोडला. मला दाट संशय आहे की बहुतेकांचं असंच असतं. आधी यानाच्या रूपावर जीव जडतो, मग त्याला शोभेल असं तत्त्वज्ञान शिवून घेतात.

निवड झाल्यावर भाच्याने जे सांगितलं ते त्याने आधी सांगायला हवं होतं. या निवडीने फारसं काही बिघडत नाही. सुरुवातीला कुठे उतरायचं, पहिलं यान कोणतं, चेहरा कसा आणि थोडीशी कौशल्यं, एवढाच फरक. पुढे शिकून घेतलं की कोणीही कोणाचंही यान चालवावं. मिनमतार बंडखोराने सोन्याच्या अमारी जहाजातून फिरलं तरी कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या निर्णयासाठी माझी पुरणपोळी थंड झाली, तो निर्णय कपड्यांचा रंग ठरवण्याएवढाच होता.

पूर्वी तसं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत वंशाप्रमाणे अंगभूत गुण कमी-जास्त मिळत आणि त्यावर शिकण्याचा वेग ठरे. तेव्हा काल्डारींमधल्या अचुरा या वंशावर लोकांच्या उड्या पडत. अचुरा हे ध्यानधारणा करणारे, मितभाषी लोक. पण म्हणून कोणी अध्यात्माकडे वळलं नव्हतं. अचुरांचा ‘करिष्मा’ हा गुण कमी होता, एवढंच कारण. करिष्मा लढाईत फारसा उपयोगी पडत नाही, मग तो कमी असला की उरलेले कामाचे गुण जास्त मिळतात. विश्वभर संन्यासी दिसू लागले ते या हिशेबामुळे. २००९मध्ये गुणांची फेरवाटणी करायची सोय आली आणि ते वैराग्यही ओसरलं.

आता बायकोकडे येतो. ती बँकेत आहे आणि बँकेच्या युनियनची सेक्रेटरी आहे. कामगारांच्या हक्कांसाठी तिने भर उन्हात धरणं धरलेलं आहे. एके दिवशी मी मिनमतारांच्या गुलामगिरीचा इतिहास तिला मोठ्या कळकळीने सांगितला, आमच्यात आणखी एक बंडखोर यावा म्हणून. तिने शांतपणे ऐकलं, चष्मा लावला, चारही राष्ट्रं पाहिली आणि अमारवर बोट ठेवलं.

“अगं, गुलाम ठेवतात ते!”

“सोनं बघा ना पण,” ती म्हणाली. “आणि तुमच्या त्या बंदुकांना दर वेळी गोळ्या विकत आणाव्या लागतात. यांच्या लेझरचा साधा स्फटिक एकदा घेतला की झिजत नाही. मी कालच वाचलंय.”

म्हणजे तिने आधीच वाचलं होतं. माझं भाषण तिने करमणूक म्हणून ऐकलं. लेझरने कपॅसिटर रिकामा होतो आणि ऐन लढाईत लोडशेडिंग होतं, हे मी पुढे केलं. त्यावर ती म्हणाली, “आम्हाला सवय आहे.” ‘आम्हाला!’ अमारची नागरिक होऊन तिला चार मिनिटं झाली होती.

या ‘आम्हाला’चा खुलासा मला पुढे एका जुन्या प्रयोगात सापडला. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कॅन्डिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीप्रमाणे तुमचे दोन गट पाडले असं सांगितलं. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर ती आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. आणखी गंमत म्हणजे, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण समोरच्यांपेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही त्यांचा कल दिसला. हे वाचून मला आमच्या सोसायटीच्या ए विंग आणि बी विंगचा सगळा इतिहास एकदम उलगडला. तिथे तर कॅन्डिन्स्कीही नव्हता, फक्त पाण्याची टाकी होती.

मोठमोठ्या लढायांत ही चार राष्ट्रं कोणाच्या खिजगणतीत नसतात, हेही हळूहळू कळलं. तिथे खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या संघटना भांडतात आणि माणूस संघटनेत जातो तो मित्र तिथे असतात म्हणून. जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी नावाच्या ताऱ्यापाशी जी लढाई झाली तिचं कारण तर ऐकण्यासारखं आहे. त्या मुलखाच्या ताब्याचं भाडं भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, शत्रू धावून आला. जवळजवळ २१ तास लढाई चालली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात अवाढव्य जहाजं, नष्ट झाली. खऱ्या पैशात तीन लाख डॉलरांच्या आसपास नुकसान सांगतात. दोन्हीकडे अमारी, काल्डारी, गॅलेन्टे, मिनमतार सगळीच जहाजं होती. लोकशाहीसाठी किंवा सम्राज्ञीसाठी एकही गेलं नाही. ही गोष्ट सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सांगून मेन्टेनन्स थकवणाऱ्यांना जागं करावं असा माझा बेत होता, पण बायकोने हात धरून खाली बसवलं.

भाच्याचा एक मित्र ‘एलिट डेंजरस’ हा दुसरा अवकाश-खेळ खेळतो. तिथे साम्राज्य आणि फेडरेशन असे दोन हाडवैरी आहेत. साम्राज्याचं कटर हे देखणं जहाज हवं तर त्यांच्याकडे ‘ड्यूक’ व्हावं लागतं, आणि फेडरेशनचं कॉर्व्हेट हवं तर त्यांच्याकडे ‘रिअर ॲडमिरल’. हा पठ्ठ्या दोन्ही झाला. दोन्ही दरबारांत मानाने उठबस आहे आणि कोणी गद्दार म्हणत नाही. त्याला म्हटलं, बाळा, तू अवकाशात वाया चाललायस, इकडे राजकारणात ये.

मला मात्र असं दोन्हीकडे जमलं नाही. मी मिनमतारांची कामं घेत गेलो. दर काही कामांनंतर एक मोठी कामगिरी मिळते आणि तीत कधीकधी अमारांची जहाजं उडवायची असतात. उडवली की आपली माणसं खूश होतात, पगार देतात, शाबासकी देतात. मागे एका तक्त्यात अमारांच्या लेखी आपली पत गुपचूप घसरत असते, तिकडे मी कधी पाहिलंच नाही. गावातल्या भाऊबंदकीत हिरिरीने साक्षी द्याव्यात आणि वर्षभराने कळावं की विरुद्ध पार्टीत आपलीच सोयरीक झालीय, तशातली गत. पत उणे ५च्या खाली गेली की त्या राष्ट्राचं आरमार दिसेल तिथे मारतं. माझी उणे ८.६ आहे.

रविवारच्या प्रसंगानंतर भाच्याला फोन लावला. तो आधी मिनिटभर हसला. मग म्हणाला, “मामा, डिप्लोमसी नावाचं स्किल आहे. पाचव्या पातळीपर्यंत शीक, म्हणजे तुझी पत उणे ५च्या जरा वर धरली जाईल. मग मारणार नाहीत.”

या खेळात कौशल्यं खऱ्या घड्याळाप्रमाणे शिकली जातात, आपण झोपलो तरी शिकणं चालू राहतं. एवढा एकच विद्यार्थीधर्म मला आयुष्यात जमला असता. खालच्या चार पातळ्या झाल्या. पाचवी लावली तर आकडा आला पाच दिवसांच्या वरचा.

“इतका वेळ का रे?”

“डिप्लोमसी करिष्म्यावर चालते मामा. आता नव्या माणसाला सगळे गुण सारखे २० मिळतात. करिष्मा तेवढा १९.”

वंश कुठलाही घ्या, कपडे कुठलेही घाला, १९च. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “ते मला लग्न ठरतानाच कळलं होतं.”

पाच दिवस थांबायला ती तयार नव्हती. तिला माझ्याकडून काहीतरी समजून घ्यायचं होतं, तेही समोरासमोर, यानाशेजारी यान लावून. आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसलो होतो हा मुद्दा तिने बाजूला सारला. पुन्हा भाच्याला फोन. त्याने एक पळवाट सांगितली: यान मागेच ठेव आणि नुसत्या कुपीत बसून जा. यान फुटल्यावर खेळाडू ज्या इवल्याशा कुपीत उरतो, तिच्यावर आरमार हात टाकत नाही.

मग मी मिनमतारांच्या एका स्टेशनात रिफ्टर उभी केली, गंजक्या पत्र्याकडे एकदा पाहून घेतलं आणि उघड्या कुपीत बसून निघालो. बंदूक नाही, चिलखत नाही, मालाला जागा नाही. सीमा ओलांडली. सोनेरी नौका आल्या, आजूबाजूला घिरट्या घालत राहिल्या, पण कोणी काही केलं नाही. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे नेणारं एकेक दार ओलांडत राजधानीत पोचलो. स्टेशनच्या बाहेर बायकोचं सोन्याचं जहाज उभं होतं, देवळाच्या कळसासारखं. मी माझी कुपी त्याच्या शेजारी नेऊन थांबवली.

सोफ्यावरून तिने माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रिकाम्या हाताने आलात?”