जुनी बंदरचित्रे म्हणजे त्या काळचे फोटो नव्हेत

जुन्या मुंबई-मद्रासच्या चित्रांखाली एक विधान हमखास फिरते: 'तेव्हा कॅमेरा नव्हता, चित्रकार किनाऱ्यावर बसून दिसेल तसे काढत, म्हणून ही चित्रे त्या काळचे फोटोच होत.' हे विधान जवळजवळ प्रत्येक शब्दात डळमळते.

आधी किनाऱ्यावर बसलेला चित्रकार पाहू. १७३१-३२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लंडनच्या मुख्यालयासाठी मुंबई, मद्रास, कलकत्ता इत्यादी ठाण्यांची जी चित्रे जॉर्ज लॅम्बर्ट व सॅम्युअल स्कॉट यांच्याकडून करवून घेतली, ती आजही आवडीने पाठवली जातात. मात्र हे दोघेही हिंदुस्थानात कधी आलेच नव्हते. जहाजे रंगवणारा स्कॉट आपल्या विषयात मुरलेला होता, त्यामुळे त्याच चित्रातील शिडे-डोलकाठ्यांवर जितका विश्वास ठेवता येईल तितका मागच्या किनाऱ्यावर ठेवता येणार नाही.

'कॅमेरा नव्हता' हे अशी चित्रे छापणाऱ्या सचित्र साप्ताहिकांना तर मुळीच लागू नाही. छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक १४ मे १८४२ रोजी निघाले. अडचण छपाईची होती. फोटो खिळ्यांबरोबर, म्हणजे छपाईच्या अक्षरांबरोबर, छापता येत नसे; बॉक्सवूड या झाडाच्या लाकडाचा कोरलेला ठोकळा मात्र येई. या झाडाचे खोड बारीक असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत, आणि घाईच्या वेळी ते सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांत वाटले जात. अशा चित्रातील ढग, लाटा किंवा गर्दी कोणाच्या नजरेची, हे सांगणे कठीण. त्याच साप्ताहिकाच्या पहिल्या अंकातील हॅम्बुर्ग बंदराच्या आगीचे चित्र तर ब्रिटिश म्युझियममधील जुन्या दृश्यावर ज्वाळा चढवून तयार केले होते. (साप्ताहिकातल्या अशा चित्रांवर आज दिसणारे रंगही बहुधा नंतर हाताने भरलेले असतात.)

चित्राचे साल म्हणजे दृश्याचे साल, ही समजूतही टिकत नाही. अ‍ॅक्सेल हेग या चित्रकाराचे व्हिक्टोरिया टर्मिनसचे प्रसिद्ध जलरंगचित्र १८७८ चे आहे, तर इमारत पूर्ण झाली १८८८ मध्ये. ते चित्र म्हणजे एक आराखडा होता.

यावरून सारीच चित्रे कल्पित ठरवणे मात्र तितकेच चूक आहे. चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईला आला, इथे काम करू लागला आणि १७९५ मध्ये वारला. त्याची मुंबईची बारा दृश्ये छापून निघाली ती १८०० मध्ये. त्यामुळे ती साक्ष म्हणून वापरायची तर १७९५ पूर्वीच्या मुंबईची म्हणूनच वापरावी लागतील.