कचरा डेपोचा मिथेन आणि उपग्रहाचं ‘शून्य’

‘कचरा डेपोतून निघणारा मिथेन आता उपग्रह थेट मोजतात, जमिनीवर उपकरणं घेऊन फिरायची गरज उरली नाही’, असा संदेश लाल-पिवळ्या डागांच्या चित्रांसह फिरतो आहे. चित्रं खरी असतात. गडबड आहे ती त्यांच्या वाचनात.

‘थेट मोजतात.’ नाही. जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचा ठरावीक अवरक्त भाग मिथेन शोषतो. त्यावरून त्या क्षणी हवेत मिथेन किती आहे, एवढंच कळतं. तासाला किती किलो बाहेर पडतो हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो आणि तो बहुधा हवामानाच्या प्रारूपातून उसना घेतलेला असतो. वेग चुकला की उत्सर्जनाचा आकडाही साधारण त्याच प्रमाणात चुकतो.

‘उपग्रहाच्या एका फेरीतला आकडा गुणिले वर्षाचे तास, की वर्षाचं उत्सर्जन मिळालं.’ बाहेरच्या हवेचा दाब घसरला की कचऱ्यात कोंडलेला वायू जोराने वर येतो, चढला की दबून राहतो. एकाच डेपोचा आकडा यामुळे दिवसभरातही बराच बदलतो. मिथेन टिपणारा सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. रात्रीचं आणि ढगांखालचं त्याला दिसत नाही.

‘डाग नाही म्हणजे गळती नाही.’ हे सगळ्यात घातक, आणि डेपो चालवणाऱ्यांना सगळ्यात सोयीचं. सेंटिनेल-५पीच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ५.५ × ७ किलोमीटरचा असतो. जीएचजीसॅट या खासगी कंपनीच्या उपग्रहाचा सुमारे २५ मीटरचा, पण तासाला साधारण १०० किलोच्या खालचं उत्सर्जन त्यालाही सहसा सापडत नाही. तासाला १०० किलो म्हणजे वर्षाला ८७६ टन! शिवाय डेपोचा वायू फुटक्या नळीसारखा एका जागी उसळत नाही. उतारांतून, भेगांतून, वायूविहिरींच्या (वायू ओढून घ्यायला कचऱ्यात खोल घातलेल्या नळ्यांच्या) कडेने पाझरतो.

‘म्हणजे डेपोच्या उत्सर्जनाची कागदावरची जुनी गणितं खोटीच.’ यात तथ्य आहे. किती वायू गोळा होतो आणि किती निसटतो, हे त्यांत बरंचसं गृहीत धरलेलं असतं. अमेरिकेतल्या डेपोंचं उत्सर्जन त्यांनी सरकारला कळवलेल्या आकड्यांच्या सरासरी १.४ पट असल्याचं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं. ती मोजणी मात्र विमानांतून झाली होती, उपग्रहातून नव्हे.

वाऱ्याच्या अडचणीवर जमिनीवरचाच एक उपाय आहे. डेपोवर ठरलेल्या दराने ॲसिटिलीन सोडायचा आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन दोन्ही वायूंचं प्रमाण मोजायचं. दोन्ही एकाच वाऱ्यावर वाहतात, त्यामुळे गुणोत्तर काढलं की वाऱ्याचा वेग हिशेबातून गळून पडतो. आणि नेमकी भेग कुठे आहे हे शोधायला मातीलगत नळी धरून डेपोवर चालावंच लागतं. अमेरिकी नियमांत तिथे मिथेनला ५०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) मर्यादा आहे.