नवा लॅपटॉप घेताय? मग हे कराच!

सर्वप्रथम, बिल वाचू नका. वाचूनही काही हाती लागणार नाही म्हणा. लॅपटॉप एक नग, खाली कर, त्याखाली बेरीज. ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे बहुधा मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचं, परवाना शुल्क त्या 'एक नग'मध्ये सुखाने झोपलेलं असतं, उगाच उठवू नका.

"नुसतं यंत्र द्या, मी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकणार आहे" असं काउंटरवर चुकूनही म्हणू नका. चारचौघांत शोभत नाही.

मोडीत निघालेल्या लॅपटॉपचा परवाना नव्यावर चालवू, असा चिक्कू विचार मनात आणू नका. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्राबरोबरच सती जातो.

टीव्ही जोडायच्या एचडीएमआय पोर्टवरही रॉयल्टी असते. पोर्टकडे बघून समाधान माना.

आणि फारच खुमखुमी असेल तर परवान्याच्या पैशांचा परतावा मागा. आम्ही नुकताच मागितला. सॉफ्टवेअरच्या करारात लिहिलंय, अटी मान्य नसतील तर सॉफ्टवेअर वापरू नका, परताव्याचं उत्पादकाला विचारा. आम्ही फोन करून विचारलं.

"सर, स्क्रीनला काही प्रॉब्लेम आहे का?"

नाही.

"मग बॅटरी?"

बॅटरी उत्तम आहे हो, परवाना नकोय! मग संगीत. मग दुसरा माणूस, पुन्हा स्क्रीन, पुन्हा बॅटरी. शेवटी वरिष्ठ आले. परवाना एकटा परत घेत नाही म्हणाले, आख्खा लॅपटॉप परत करा. बरं, निदान त्याची किंमत तरी सांगा? "तो फ्रीच असतो सर." मग तेवढं लिहून द्या. "ते गोपनीय आहे." फुकट आहे तर गोपनीय काय? आणि पैसे माझे, खिसा माझा, त्यातून किती काढले ते मलाच गोपनीय?

ही खोड जुनी आहे. एके काळी मायक्रोसॉफ्ट उत्पादकांशी असे करार करायची, की विकलेल्या प्रत्येक प्रोसेसरमागे पैसे मोजा, आत त्यांची सिस्टिम असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याने १९९४ मध्ये ते बंद करायला लावलं. १९९९ च्या फेब्रुवारीत लिनक्सवाले परतावा मागायला कॅलिफोर्नियात मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर चालून गेले. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ग्राहकाचा परताव्याचा हक्क मानला, तर २०१६ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, आतल्या प्रोग्रॅमची किंमत वेगळी सांगितली नाही म्हणून काही दिशाभूल होत नाही. घ्या!

पुरे झाली थट्टा. उत्पादकांनो, बिलावर एक ओळ जास्त छापायला काय जातं तुमचं? परवाना किती ते लिहा आणि नको असेल त्याला नको म्हणू द्या. छापत नाही, कारण आकडा दिसला की लोक विचारतील. आणि तुम्ही, "जाऊ द्या हो, थोड्यासाठी कशाला डोकं लावायचं" म्हणणारे! थोडं म्हणजे किती, हे तरी कधी विचारलंत का?