एका शिंकेचा काढा

शिंक येणार हे कळल्याबरोबर मी बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली, नळ सोडला आणि पंचा नाकातोंडावर गच्च दाबून धरला. एवढा बंदोबस्त करूनही स्वयंपाकघरातून हाक आलीच, "आलं किसायला घेते रे!"

आमच्या आईला दाराची बेल ऐकू येत नाही. टीव्हीचा आवाज तर असा असतो, की खालच्या मजल्यावर तीच मालिका बघायला वेगळा टीव्ही लागू नये. पण शिंक मात्र तिला दोन भिंतींपलीकडून ऐकू येते, आणि ती कोरडी की ओली हेही कळतं.

सर्दीला मी भीत नाही. पहिल्या पावसाबरोबर ती येते, नाक गळतं, रुमाल संपतात, जाते. मी भितो ते आमच्या गॅलरीला.

लोकांच्या गॅलरीत फुलं असतात, आमच्या गॅलरीत ओळीनं माझे वैरी उभे आहेत. पहिली तुळस. तिच्या मंजिऱ्या आई रोज खुडते, त्यामुळे ती झुडूप होऊन बसली आहे. तिच्याबद्दल वाईट बोलायची सोय नाही, कारण समोर निरांजन असतं. शेजारी गवती चहा. दिसायला साधं गवत, पण पात उलट्या बाजूनं ओढली की आधी बोट कापतं आणि मग वास देतं. पुदिना म्हणजे भाजीच्या जुडीतल्या उरलेल्या काड्या पाण्यात ठेवून केलेली फुकटची लागवड. मग पानओवा: जाड, लवदार, कातरलेल्या कडांची पानं. त्याची काडी नुसती मातीत खोवली तरी लागते. आमच्या इमारतीत आज जितके पानओवे आहेत, ते सगळे आमच्याच कुंडीचे वंशज. आणि शेवटी, रंगाच्या रिकाम्या बादलीत, अडुळसा. हा आईनं माहेरच्या कुंपणातून आणला. कुंपणाला अडुळसा लावतात त्याचं कारण एकच, त्याला गुरं तोंड लावत नाहीत. शेळीसुद्धा हुंगून पुढं जाते. शेळीला जी अक्कल आहे ती वापरायची मुभा मला नाही.

काढ्याचा नियम सोपा आहे. चार कप पाणी ठेवायचं आणि एक कप उरेपर्यंत उकळायचं. तेवढ्या वेळात आई गॅलरीत तीन फेऱ्या मारते आणि दर फेरीला मूठभर पाला भांड्यात पडतो. पहिल्या पाच मिनिटांत गवती चहाचा असा लिंबासारखा सुगंध सुटतो, की वाटतं, आत्ताच गॅस बंद करा, दूध-साखर घाला आणि सुखानं जगू द्या. पण तिथं कुणी थांबत नाही. मग लवंग पडते, मिरी पडते, सुंठ पडते. शेवटी अडुळशाची दोन पानं पडतात आणि रंग रस्त्याकडेच्या डबक्याचा होतो.

२०२० साली आयुष मंत्रालयानं काढ्याचं प्रमाण जाहीर केलं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. तेव्हापासून आई काढा देताना "हे सरकारनंच सांगितलंय" असं म्हणते. प्रमाण मात्र तिचं स्वतःचं. सरकारची एक भाग मिरी आमच्याकडे चार भाग होते, कारण "सरकारला काय माहीत तुझा कफ".

काढ्याचा वास जिन्यात गेला की इमारतीला कळतं. सर्वांत आधी समोरच्या काकू येतात.

"कुणाला झालंय?"

"याला."

याला म्हणजे मला. मी पन्नाशीला टेकलोय, पण सर्दी झाली की माझं नाव जातं आणि 'हा' उरतो. काकू ज्येष्ठमधाच्या पंथातल्या. त्यांनी पदराआडून एक काडी काढली आणि दाढेखाली धर म्हणाल्या. मी धरली. चांगली गोड होती! आयुष्यात प्रथमच एक औषध मनापासून चघळत होतो, तोवर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले.

"ज्येष्ठमध? फार खाऊ नकोस, बीपी चढतं त्यानं."

हे खरं आहे, म्हणून काडी थुंकावी लागली. आजोबांचा पंथ वेगळा: अडुळशाची पानं वाफवायची, पिळून रस काढायचा आणि मधातून चाटायचा. काकूंनी विचारलं, तुळस चावून खातोस की गिळतोस? आई म्हणाली गिळायची, तुळशीला दात लावू नये. आजोबा म्हणाले चावायचीच. वीस मिनिटं वाद झाला. त्या वीस मिनिटांत मी अकरा वेळा शिंकलो, पण रुग्णाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

इथवर मी सोसलं. माझी खरी तक्रार पुढं आहे.

संध्याकाळी बाहेर पाऊस आणि घरात बायकोनं ओव्याच्या पानांची भजी काढली. डाळीच्या पिठात थोडी तांदळाची पिठी, तिखट, मीठ, वर चमचाभर कडकडीत तेल. त्यात अख्खं पान देठाला धरून बुडवायचं आणि अलगद तेलात सोडायचं. पान पुरीसारखं टम्म फुगतं, आणि खाताना कुरकुरीत कवचाखाली तो ओव्याचा ओलसर, झणझणीत वास थेट टाळूवर जातो. दोन दिवसांत प्रथमच माझ्या नाकाला कसला तरी वास आला. मी हात पुढं केला.

"तुला नाही," आई म्हणाली. "खोकला आहे ना? तेलकट चालत नाही."

"अगं, पण हाच पाला तू सकाळी मला उकळून पाजलास!"

"ते औषध होतं."

माझ्या लेकीनं मोबाइलवरून मान वर केली आणि सांगितलं, की पिझ्झ्यावरच्या ऑरेगॅनोला ज्यानं वास येतो ते कार्व्हाक्रॉल नावाचं द्रव्य पानओव्यातही असतं. "म्हणजे बाबा, पिझ्झा मागवला तरी तुम्हाला औषधच!" ऑरेगॅनोच्या पुड्या आमच्या फ्रिजच्या दारात पन्नासेक तरी आहेत. आईनं सुनावलं, की मग त्या पुड्याही काढ्यात टाकू. मी ताबडतोब विषय बदलला.

तेव्हा मला या शास्त्राचं मूळ सूत्र उमगलं. कोथिंबीर वड्यांत गेली की चैन आणि धने होऊन पाण्यात भिजली की पथ्य. पुदिना पाणीपुरीत बाधतो आणि नुसत्या पाण्यात उकळला की पोटाला बरा. पाला तोच. जिभेला आवडला, की त्याचा गुण गेला.

चौथ्या दिवशी मी बंड केलं आणि डॉक्टरकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, काळजीचं काही नाही म्हणाले आणि खोकल्याचं एक औषध लिहून दिलं. नारिंगी रंगाचं, संत्र्याच्या चवीचं, गोड. मी ते आईच्या देखत घेतलं, तेही चवीचवीनं आणि झाकण चाटून. पुन्हा लेकच आडवी आली. तिनं बाटलीवर अ‍ॅम्ब्रॉक्सॉल हे नाव वाचलं आणि त्याची वंशावळ काढली. अ‍ॅम्ब्रॉक्सॉल ब्रोमहेक्सिनपासून आलं, आणि ब्रोमहेक्सिन बनवलं ते व्हॅसिसिनच्या धर्तीवर. हे व्हॅसिसिन असतं अडुळशात.

घरात शांतता पसरली. मी आईच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ती काहीच बोलली नाही. उठली, गॅलरीत गेली आणि रंगाच्या बादलीत तांब्याभर पाणी घालून आली. बोलली असती तर परवडलं असतं.

माझी सर्दी गेली, आणि पुढच्या सोमवारी आई शिंकली.

मी वाटच बघत होतो. गॅलरीत जाऊन तुळस खुडली, बोट कापून घेत गवती चहा तोडला, अडुळशाची दोनाऐवजी चार पानं घेतली आणि चार कप पाणी गॅसवर ठेवलं. पूर्ण आटवलं. कप भरून तिच्यासमोर नेला.

आईनं कपात वाकून पाहिलं, हुंगलं आणि शेळीसारखी मान वळवली.

"ती नारिंगी बाटली उरलीय का रे? अडुळसाच असतो म्हणे त्यात."